शेजारी राहतो ज्वालामुखी

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर काय आहे? कुणी म्हणेल, तालुक्याचं गाव. कुणी म्हणेल, आजोळ. कुणाकडे साखर कारखाना असेल, कुणाकडे धरण, कुणाकडे समुद्र. हाच प्रश्न इटलीतल्या नेपल्स शहरातल्या मुलांना विचारा. ती नुसतं बोट दाखवतील आणि म्हणतील, "तो बघा, ज्वालामुखी!"

आणि बरं का, हा काही कायमचा विझलेला ज्वालामुखी नाही. नुसता झोपलेला आहे. त्याचं नाव व्हेसुव्हियस. शेवटचा तो जागा झाला मार्च १९४४ मध्ये. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवर गेल्या शंभर वर्षांत ज्याचा उद्रेक झाला, असा हा एकटाच ज्वालामुखी.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. ज्वालामुखीची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल, त्याची गणती नाही. मधोमध नळी, वर तोंड, बाजूनं ओघळणारा लाव्हा. मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि लाल रंग हौसेनं भरतात. पण त्या आकृतीत एक गोष्ट कधीच नसते. माणसं! नेपल्सला गेलं, की ती दिसतात. डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर, घरं बांधून, दोऱ्यांवर कपडे वाळत घालून राहणारी लाखो माणसं. ती तिथं का राहतात आणि कशी राहतात, हे मुलांनी बघण्यासारखं आहे. चला तर माझ्याबरोबर.

नवं शहर, वय अडीच हजार

माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त रोमला असते. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे गेले होते. बरोबर माझी चौथीतली लेक आणि सातवीतला भाचा. रोमहून वेगवान आगगाडीनं सव्वा तासात नेपल्स येतं. इटलीतले लोक त्याला नापोली म्हणतात. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी ते वसवलं आणि नाव ठेवलं 'नेआपोलिस', म्हणजे नवं शहर. आपल्या नवी मुंबईसारखंच की! एवढं जुनं झालं तरी नाव मात्र अजून 'नवं'च.

शहर आहे भूमध्य समुद्राच्या काठी. समुद्र इथं विळ्यासारखा आत वळलाय, आणि त्या वळणावर उभा आहे व्हेसुव्हियस. उंची १२८१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेतीनशे मीटरहून अधिक बुटका. पण सपाटीवर एकटाच उभा असल्यामुळे फार मोठा वाटतो. गल्लीच्या टोकाशी पाहा, गच्चीवरून पाहा, बोटीतून पाहा, तो आहेच.

नेपल्सच्या जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या घरांतल्या बायका खिडकीतूनच गप्पा मारतात. वर कपड्यांच्या दोऱ्या, खाली स्कूटरींची झुंबड. भिंतीभिंतींवर मॅराडोनाची चित्रं. हा थोर फुटबॉलपटू १९८४ ते १९९१ या काळात इथल्या संघाकडून खेळला. तो मूळचा अर्जेंटिनाचा. पण नेपल्सच्या पोरांना विचाराल तर तो त्यांचाच!

समुद्रात शिरलेल्या खडकावर एक किल्ला आहे. नाव मोठं गमतीचं : अंड्याचा किल्ला. गोष्ट अशी सांगतात, की व्हर्जिल नावाच्या प्राचीन रोमन कवीनं या किल्ल्याच्या पायात एक जादूचं अंडं लपवून ठेवलं. अंडं शाबूत आहे तोवर शहर शाबूत. अंडं फुटलं की संकट आलंच! ही झाली दंतकथा. पण बघा हं, शहरानं आपल्याविषयी गोष्ट रचली तीसुद्धा अशी. आपण किती नाजूक जागी उभे आहोत, हे तिथले लोक पूर्वापार ओळखून आहेत.

शहराखालचं शहर

नेपल्स बघायचं तर आधी जमिनीखाली जायचं. जुन्या भागातून पायऱ्या उतरत उतरत खूप खोल गेलं, की थंडगार, प्रचंड पोकळ्या लागतात. हे काय बरं? तर ही नेपल्सची खाण. पंधरा हजार वर्षांपूर्वी इथं एक भयंकर मोठा उद्रेक झाला. त्याची राख साचून, घट्ट होऊन पिवळसर दगड तयार झाला. वजनाला हलका आणि कापायला सोपा. लोकांनी आपल्या पायांखालून तो दगड काढला आणि त्याचीच घरं, देवळं, चर्चेस बांधली. म्हणजे वर जेवढं शहर दिसतं, तेवढी खाली पोकळी!

ती पोकळीही वाया घालवली नाही. तिथं पाण्याची टाकी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेपल्सच्या घरोघरी हे पाणी आडासारखं पोहऱ्यानं शेंदून काढत. पुढं दुसऱ्या महायुद्धात बाँब पडू लागले, तेव्हा लोक बायकापोरांसह याच भुयारांत येऊन राहिले. त्या वेळी मागं राहिलेल्या मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या तिथं आजही ठेवल्या आहेत. माझा भाचा एरवी तोंड मिटून उभा राहणारा नव्हे. पण त्या गाड्यांपुढं तो पाचेक मिनिटं गप्प उभा होता.

आता तुम्ही म्हणाल, राखेच्या दगडाचं शहर, केवढं नवल! अहो, पण आपलं काय? आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तो थरावर थर वाहत आला. रायगडाची कातळभिंत, अजिंठ्याची लेणी, अंगणातला पाटावरवंटा, सगळं त्याच कातळाचं. फरक इतकाच, की आपला लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली. नेपल्सचा अजून पोटात गरम आहे.

थांबलेला दिवस

दुसऱ्या दिवशी आम्ही लहान रुळांच्या गाडीत बसलो. तिचं नाव 'सिर्कुमव्हेसुव्हियाना'. म्हणायला अवघड, पण अर्थ सोपा : व्हेसुव्हियसला वळसा घालणारी. डब्यांवर पोरांनी रंगांचे फवारे मारलेले, आत दप्तरं घेतलेली मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. आपल्या पॅसेंजरची आठवण यावी अशी गर्दी. पाऊण तासात आलं पॉम्पेई.

इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई हे दहा-बारा हजार वस्तीचं नांदतं रोमन गाव होतं. व्हेसुव्हियस तेव्हा हिरवागार होता. उतारावर द्राक्षांचे मळे होते. सतरा वर्षं आधी मोठा भूकंप होऊन गावातली घरं पडली होती, त्यांची डागडुजी अजून चालूच होती. तो भूकंप म्हणजे डोंगराची पहिली हाक होती, हे कुणाला कसं कळावं?

मग एके दिवशी दुपारी डोंगराचं तोंड उघडलं. पॉम्पेईवर दगडांचा पाऊस सुरू झाला. टाचा घासायला आपण जो भोकाभोकांचा हलका दगड वापरतो ना, तसले दगड. छपरं त्या भारानं कोसळू लागली. ज्यांनी तेव्हाच गाव सोडलं, त्यांतले पुष्कळ वाचले. जे थांबले, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या वायूंचा आणि राखेचा लोट वाऱ्याच्या वेगानं येऊन आदळला. मग सारं गाव कित्येक मीटर थराखाली गेलं. ते थेट १७४८ मध्ये उकरायला सुरुवात झाली. अजूनही जवळजवळ तिसरा हिस्सा मातीखालीच आहे!

हा दिवस २४ ऑगस्ट, असं बरीच वर्षं सगळे मानत. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली एक ओळ सापडली. तीत ऑक्टोबरच्या मध्याची तारीख आहे. कोळशाची अक्षरं काही फार दिवस टिकत नाहीत. त्यावरून आता पुष्कळ अभ्यासक म्हणतात, की उद्रेक ऑक्टोबरात झाला असावा. भिंतीवर लिहू नये असं मी वर्गात सतत बजावत असते. पण त्या एका ओळीनं इतिहास सुधारायला लावला खरा!

पॉम्पेईच्या रस्त्यांवरून चालताना मुलांना कंटाळा येत नाही. बैलगाडीच्या चाकोरीसारख्या चाकोऱ्या फरशीत उमटलेल्या. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड. पाय भिजू नयेत म्हणून. आणि त्या दगडांत गाडीची चाकं जावीत एवढीच फट. बेकरीत काळ्या लाव्ह्याची जाती, पण माणसाहून मोठी, गाढवांनी फिरवायची. एका भट्टीत तर जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले. भट्टीत घातलेले, कुणी बाहेर न काढलेले. एका दारात कुत्र्याचं चित्र आहे, छोट्या छोट्या रंगीत दगडांचं. खाली लिहिलंय : कुत्र्यापासून सावध! माझी लेक म्हणाली, "आई, आपल्या कोपऱ्यावरच्या बंगल्यावर पण हीच पाटी आहे."

राखेत गाडल्या गेलेल्या माणसांची शरीरं कालांतरानं नाहीशी झाली, पण घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या संशोधकानं अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून ठसे काढले. कुणी तोंड झाकून घेतलंय, कुणी कुशीवर वळलंय. या ठशांत एक कुत्राही आहे, साखळीनं बांधलेला. लेकीनं विचारलं, "त्याला सोडलं का नाही कुणी?" मी म्हटलं, "घाईत राहून गेलं असेल." उत्तर तिला पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही दुसरं सुचत नव्हतं.

अभ्यास करत बसलेला मुलगा

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईनं कळतं, ते एका मुलामुळं. त्याचं नाव प्लिनी. वय सतरा. समुद्राच्या पलीकडच्या अंगाला मिसेनम गावात तो आई आणि मामाकडे राहत होता. मामाचं नावही प्लिनीच. तो तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. दुपारी आईनं आकाशात विचित्र ढग दाखवला. बुंध्यासारखा सरळ वर गेलेला आणि वर छत्रीसारखा पसरलेला. मामा म्हणाला, "येतोस का बघायला?" भाचा म्हणाला, "नको, माझा अभ्यास राहिलाय." आणि तो अभ्यास मामानंच दिलेला होता! एवढ्यात एका बाईची चिठ्ठी आली : आम्हांला वाचवा. मग मामानं मोठी गलबतं काढली आणि जिकडून सगळे पळत होते तिकडे तो निघाला. तो परत आला नाही.

मिसेनमवरही राख आली. प्लिनी आईला धरून अंधारातून गावाबाहेर पडला. आई म्हणत होती, "मला सोड, तू तरुण आहेस, पळ." त्यानं तिचा हात सोडला नाही. पुढं मोठेपणी त्यानं दोन पत्रांत हे सगळं लिहून ठेवलं. पडणाऱ्या दगडांपासून बचाव म्हणून मामाच्या माणसांनी डोक्यावर उशा बांधल्या होत्या, इतका तपशील त्यात आहे. अशा प्रकारच्या उद्रेकाला शास्त्रज्ञ आजही 'प्लिनी'चंच नाव देतात. नीट बघावं आणि नीट लिहून ठेवावं, याचा उपयोग दोन हजार वर्षांनी होतो, तो असा.

या मामा प्लिनीची आपल्याशीही गाठ आहे बरं! त्यानं एक भला मोठा ज्ञानग्रंथ लिहिला होता. त्यात त्याची तक्रार आहे, की भारतातल्या मालापायी दर वर्षी पाच कोटी रोमन नाणी भारतात निघून जातात. मिरी, मोती, तलम कापड, याचा रोमन लोकांना भारी शौक. आपलं पैठण, तेर, कल्याण, सोपारा ही नावं त्या काळच्या एका ग्रीक प्रवासी पुस्तकात आलेली आहेत.

आणि पुरावा? तो पॉम्पेईतच सापडला. १९३८ मध्ये एका घरात हस्तिदंताची एक सुबक बाहुली निघाली. उंची तुमच्या फूटपट्टीहून थोडी कमी. गळ्यात दागिने, हातांत कोपरापर्यंत कडी, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. घडण पूर्ण भारतीय. आधी ती लक्ष्मी समजली गेली, आता यक्षी असावी असं म्हणतात. अगदी त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली आहे आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. पॉम्पेईची बाहुली कुणी घडवली, कुठल्या गाडीत, कुठल्या गलबतात ती बसली, कोण जाणे. पण ती व्हेसुव्हियसच्या राखेखाली साडेअठराशे वर्षं शांत उभी होती. आता ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

मग तिथं राहतात कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. आम्ही पायथ्याच्या एका गावात एका आजीबाईंच्या घरी उतरलो होतो. इटालियनमध्ये आजीला 'नोन्ना' म्हणतात, म्हणून मुलंही त्यांना नोन्नाच म्हणू लागली. बहीण भाषांतर करायची. माझ्या भाच्यानं एकदा जेवताना विचारलंच, "नोन्ना, तुम्हांला भीती नाही वाटत?"

नोन्नांनी घड लावून टांगलेल्या टोमॅटोंकडे बोट केलं. छोटे, टोकदार, लालभडक टोमॅटो. थंडीतही ते महिनोन्‌महिने टिकतात. "हे कुणी दिले? त्यानं. द्राक्षं कुणी दिली? त्यानं. जर्दाळू? तेही त्यानंच." त्यानं म्हणजे व्हेसुव्हियसनं. ज्वालामुखीची राख आणि लाव्हा झिजून झालेली माती भारी सुपीक असते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती तरी कुठून आली? काळ्या कातळातूनच.

मग नोन्ना म्हणाल्या, "माझ्या आईचं माहेर डोंगराच्या पलीकडच्या बाजूला. चव्वेचाळीस साली ती सात वर्षांची होती. डोक्यावर पातेलं उपडं घालून घरातून निघाली, असं सांगायची. भीती वाटते, पोरा. वाटायलाच हवी. ज्याला भीतीच वाटत नाही, त्यानं इथं राहू नये."

हे ऐकून मला प्लिनीच्या उशा आठवल्या. १८६५ वर्षांत बदल काय, तर उशीऐवजी पातेलं!

या १९४४ च्या उद्रेकात सान सेबास्तियानो गावातल्या घरांवर लाव्हा चढला. डोंगरावर जाणारी दोरीनं ओढायची रेल्वेही नाहीशी झाली. ती १८८० मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यावर 'फुनिकुली फुनिकुला' हे गाणं रचलं होतं. रेल्वे गेली, पण गाणं जगभर राहिलं. शहरातल्या टेकड्यांवर मात्र तशाच दोरीच्या गाड्यांच्या चार वाटा आजही चालू आहेत. मुलांना त्यात बसवाच!

पोर्तीचीचा दगड

पायथ्याला पोर्तीची नावाचं गाव आहे. तिथं रस्त्याच्या कडेला १६३२ मध्ये लावलेला एक कोरीव शिलालेख आहे. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १६३१ मध्ये व्हेसुव्हियसनं तीन हजारांहून अधिक माणसं मारली होती. त्याआधी तो इतकी वर्षं शांत होता, की त्याच्या मुखातसुद्धा झाडी वाढून गुरं चरायला जायची. पॉम्पेई काय, प्लिनी काय, सगळं लोकांच्या विस्मरणात गेलं होतं.

म्हणून त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी हा दगड लावला. तो आपल्या लोकांसाठी नव्हे, तर अजून जन्मायच्या माणसांसाठी! त्याचा आशय थोडक्यात असा : पुढच्या पिढ्यांनो, हे तुमच्याविषयी आहे. हा डोंगर आधी कुरकुरतो, थरथरतो, मग ओकतो. आजवर ज्यांनी 'जाऊ की, बघू की' केलं, तेच मेले. तेव्हा घरदार, चीजवस्तू यांचा विचार करत बसू नका. वेळ आहे तोवर निघा.

मुलांनो, चारशे वर्षांपूर्वीच्या कुणीतरी तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी इतकी काळजी करावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. आता त्या दगडापुढून मोटारी जातात, शाळेची मुलं जातात. किती जण थांबून वाचत असतील?

पण तिथले शास्त्रज्ञ मात्र रोज वाचतात. दगड नव्हे, डोंगर! १८४१ मध्ये व्हेसुव्हियसच्या उतारावर एक वेधशाळा उभी राहिली. ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी जगातली ही सर्वांत जुनी वेधशाळा. तिचे प्रमुख लुइजी पाल्मिएरी १८७२ च्या उद्रेकात दोन्ही बाजूंनी लाव्हा वाहत असताना जागा सोडून गेले नाहीत. नोंदी करत बसले. आज हे काम नेपल्स शहरातल्या कक्षातून रात्रंदिवस चालतं. जमिनीचे बारीक हादरे, तिचा फुगवटा, बाहेर पडणारे वायू, सगळं मोजलं जातं. डॉक्टर जसे झोपलेल्या रुग्णाची नाडी बघतात ना, अगदी तसंच.

डोंगराच्या सगळ्यांत जवळची २५ गावं 'लाल पट्ट्या'त येतात. तिथं सहा-सात लाख माणसं राहतात. धोक्याची खूण दिसली, तर ७२ तासांत सगळ्यांना बाहेर काढायचं, अशी सरकारी योजना आहे. कुठल्या गावानं इटलीच्या कुठल्या प्रांतात जायचं, हेही ठरलेलं. नोन्नांच्या स्वयंपाकघराच्या दारामागं तो कागद चिकटवलेला होता. २००३ मध्ये तिथल्या प्रांत सरकारनं, दुसरीकडे राहायला जाणाऱ्यांना पैसे देऊ केले होते. फारसं कुणी हललं नाही. घर सोडणं सोपं असतं का?

आणि नेपल्सच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिमेला, अजून एक ज्वालामुखी आहे. त्याला डोंगरच नाही! जमिनीतली मैलोगणती मोठी खोलगट कढई, आणि तिच्यात वसलेलं पोत्सुओली गाव. इथली जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. गावात रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब आहेत. त्यांच्यावर माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर, शिंपल्यांतल्या किड्यांनी पाडलेली भोकं दिसतात. समुद्रात राहणारे हे जीव तिथं कसे चढले? ते चढले नाहीत. खांबच जमिनीसह समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले! १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत इथली जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली. २००५ पासून ती पुन्हा उचलत आहे. मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा लोकांनी रात्र रस्त्यावर काढली. १५३८ मध्ये तर इथं आठवडाभरात एक नवाकोरा डोंगर उभा राहिला. त्याचं नाव काय? 'मोंते नुओव्हो', म्हणजे नवा डोंगर!

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, मुलांना घेऊन जाणार असाल तर उन्हाळ्यात जाऊ नका. पॉम्पेईत सावली कमी आहे. चांगले बूट, टोपी आणि पाण्याची बाटली हवी. ती भरायला आत नळ आहेत. सरकारी संग्रहालयांत आणि पॉम्पेईत १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वयाच्या पुराव्याला पासपोर्ट जवळ ठेवा. व्हेसुव्हियसच्या तोंडापर्यंत गाडीरस्ता संपल्यावर अर्ध्या तासाची चढण आहे, पण तिकीट आधीच इंटरनेटवरून काढावं लागतं. वर जाऊन पाहिलं की खोल कढईच्या कडेनं अजून वाफा निघताना दिसतात. गल्ल्यांत मुलांचा हात सोडू नका, स्कूटरवाले कुठूनही येतात!

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. पिझ्झा इथलाच. टोमॅटो, लसूण आणि तेल एवढ्यावर होणारा 'मारिनारा', आणि वर चीज व सब्ज्याची पानं घातलेला 'मार्गेरिता'. हो, सब्जाच! आपण फालुद्यात ज्याचं बी घालतो, त्याचीच ती पानं. लाकडाच्या भट्टीत मिनिट-दीड मिनिटात पिझ्झा फुगून येतो. पण पॉम्पेईच्या लोकांनी तो कधीच खाल्ला नसणार बरं का. टोमॅटो तेव्हा युरोपात नव्हताच; तो अमेरिकेतून आला पंधराशे वर्षांनी.

आता तुमच्यासाठी सुटीतलं एक काम. आपल्याकडे व्हेसुव्हियस नाही. पण किल्लारीचा भूकंप (१९९३) आपल्याच राज्यातला. डोंगर खचून गाव गाडलं गेलेलं माळीण (२०१४) आपल्याच राज्यातलं. नद्यांना पूर तर कुठं ना कुठं दर वर्षी येतात. तुमच्या आजीआजोबांना विचारा : गावात सर्वांत मोठा पूर कधी आला? पाणी कुठवर चढलं होतं? जमीन कधी हलली होती का? तेव्हा कुठं जाऊन राहिलात? बरोबर काय घेतलंत? ते सांगतील ते सगळं तारखेसह वहीत लिहून काढा. प्लिनीसारखं, काहीही न वाढवता. आणि घरातल्यांबरोबर बसून ठरवा, की तशी वेळ आली तर कुठं जमायचं आणि कुणाचा हात कुणी धरायचा.

घरात कुत्रं, मांजर, गाय असेल, तर तिची दोरी कोण सोडणार, तेही लिहा. माझ्या लेकीनं आमच्या यादीत हे सगळ्यांत वर लिहिलंय.